रिकामा खिळा

वाशीच्या आमच्या घरात क्रुसाच्या बाजूला एक जादा खिळा आहे, झावळीसाठी. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेली झावळी चर्चमधून आणायची, वर्षभर तिथे अडकवून ठेवायची आणि पुढच्या राखेच्या बुधवाराआधी परत नेऊन द्यायची. तिचीच राख मग कपाळाला लागते. २०२० च्या फेब्रुवारीत जुनी झावळी देऊन झाली. नवी मिळायची ती ५ एप्रिलला. त्याआधीच, मार्चमध्ये, कोरोनामुळे चर्चच्या फाटकाला कुलूप लागलं.

माझं गाव वसईकडचं. तिथली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, आणि आमची आजी त्याच देवळाच्या आवारात पुरलेली आहे. इथे तसं काही नाही. सिडकोने १९७० नंतर खाडीकाठी आखलेलं हे शहर. मंगळूर, गोवा, केरळ, वसई, जो तो आपलं देऊळ मागे ठेवून आलेला. आमचा धर्मग्राम म्हणजे रविवारी सकाळी एका छपराखाली जमणारी माणसं, एवढंच. त्यामुळे छप्परच बंद झाल्यावर काय उरणार, अशी मला शंका होती.

मिस्सा मोबाइलवर आली. आई ओढणी घेऊन, टीपॉयवर मेणबत्ती लावून, अगदी वेळेवर बसायची. एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की ती सवयीने डावीकडे वळे. डावीकडे आमचा फ्रिज आहे.

खरी गंमत फाटकाशी होती. भाजी आणायला बाहेर पडलेली माणसं वाट जरा वाकडी करून तिथे यायची. एका हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय, दुसरा हात गजावर. दोन मिनिटं उभं राहायचं, क्रुसाची खूण करायची आणि निघायचं. एकदा माझ्याशेजारी असेच एक गृहस्थ उभे होते. मास्क होता, पण नसता तरी मी ओळखलं नसतं. ते जायला वळले आणि टक्कल दिसलं, तेव्हा लख्ख कळलं: अकरा वर्षं आमच्या पुढच्या बाकावर बसतात ते हेच! मी हाक मारून नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, माझं विचारलं नाही. नंतर समजलं, त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं.

देऊळ बंद पडण्याची गोष्ट आमच्या लोकांना तशी नवी नाही. अंधेरीला, आज जिथे सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र आहे तिथे, पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ साली सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च बांधलं. १८४० मध्ये साथ आली आणि तिथल्या कोंडिविटे गावची माणसं चर्च सोडून मरोळला गेली. मागे छप्पर कोसळलं, भिंतींत झाडं रुजली, पुढे भोवती सीप्झचं कुंपण पडलं. तरीही ईस्ट इंडियन मंडळी, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक, वर्षातून एकदा, मे महिन्यात, परवानगी काढून आत जातात आणि त्या उघड्या भिंतींमध्ये मिस्सा होते. साथीत सोडलेल्या चर्चवर आता कुणी हक्कही सांगत नसेल, असं आपल्याला वाटतं. त्यांना तसं वाटत नाही.

सरकारने प्रार्थनास्थळं उघडायला परवानगी दिली ती १६ नोव्हेंबर २०२० पासून, दिवाळीच्या पाडव्याला. आई म्हणाली, “मुहूर्त तरी चांगला धरलाय.” पुढे २०२१ मध्ये ईस्टरच्याच दिवशी, ४ एप्रिलला, पुन्हा बंदीची घोषणा झाली. ती उठली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. म्हणजे दोन्ही वेळा आईचा मुहूर्त चुकला नाही!

या दोन बंदींच्या मध्ये राखेचा बुधवार आला. आत गेलो तर पवित्र पाण्याचं भांडं कोरडं, बाकांवर एकाआड एक फुल्या. बोटं तरी भांड्याकडे गेलीच. आमच्या घरून त्या खेपेस जाळायला झावळी गेली नव्हती, तरी कुठून तरी राख झाली होती. त्या वर्षी ती कपाळाला लावायची नव्हती, बोट टेकू नये म्हणून वरूनच डोक्यावर भुरभुरायची होती. बाकीच्यांच्या केसांत ती दिसेनाशी झाली. पुढच्या बाकावरच्या टकलावर मात्र मिस्सा संपेपर्यंत स्पष्ट दिसत होती.