पटावरचे नाव

शाळेतून काढून टाकलेला मुलगा मोठ्या शहरात असला तर तो लवकरच दृष्टीआड होतो. तेथे गल्ल्या पुष्कळ असतात, आणि कोणाचे पोर कोणत्या गल्लीत शिरले याची दखल घेण्याइतकी सवड कोणास नसते. राहुरीसारख्या तालुक्याच्या गावी ही सोय नाही. ज्याचे नाव सोमवारी हजेरीपटावरून कमी झाले, तोच मुलगा मंगळवारी नगर-मनमाड रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात चाकाचे नट ढिले करताना किंवा मुळेच्या पात्राकडून येणाऱ्या ट्रॅक्टरवर पाय सोडून बसलेला मास्तरांच्याच नजरेस पडतो, आणि कोणी कोणाकडे पाहावयाचे व कोणी मान फिरवावयाची हा पेच त्या उभयतांस वरचेवर सोडवावा लागतो.

कायद्याचे म्हणाल तर तो मुलाच्या बाजूने आहे. 2009 साली संमत होऊन 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या सोळाव्या कलमान्वये प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरी होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, परंतु काढून टाकण्याची मनाई कायमच ठेवली. त्यापुढे, नववीच्या उंबरठ्यावर, हे छत्र संपते. तरीही आपल्याकडे काढून टाकण्याचा लेखी हुकूम क्वचितच निघतो. पालकास कचेरीत बोलावणे जाते, त्याला खुर्ची दिली जाते, चहाही सांगितला जातो, आणि मुलाच्या कागाळ्यांची कैफियत ऐकवून झाल्यावर ‘तुम्हीच दाखला काढून न्या, म्हणजे पोराच्या कागदावर डाग नको’ असा सल्ला सौजन्याने दिला जातो. अर्ज कारकून लिहितो. खाली अंगठा किंवा वेडीवाकडी सही तेवढी बापाची.

असा एक दाखला आमच्या आळीतील एका गृहस्थांनी मला वाचावयास आणून दिला होता. मुलगा नववीतला, मधल्या सुट्टीतल्या मारामारीत त्याने दुसऱ्याचे डोके फोडले होते. दाखल्यावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिले होते: प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली, शाळा सोडल्याचे कारण पालकांच्या विनंतीवरून. मी वाचून दाखविले तसे ते गृहस्थ म्हणाले, “वर्तणूक चांगली म्हनून त्यांनीच लिव्हलंय, मग काढलं कशापायी?” मला उत्तर देता आले नाही. त्या मुख्याध्यापकांचा मला राग येत नाही. वाईट शेरा मारला असता तर दुसऱ्या शाळेचे दारही बंद झाले असते, हे ते जाणून होते, आणि ज्याच्या डोक्याला टाके पडले त्या मुलाचा बापही दारात उभा होताच. त्या दुसऱ्या बापाला न्याय मिळावा हे उचितच; तो मिळण्यासाठी पहिल्याचे पोर तालुक्याच्या हिशेबातून नाहीसे व्हावे लागते की काय, एवढाच प्रश्न आहे.

या तालुक्यात जे कृषी विद्यापीठ उभे आहे, त्याला ज्या महात्म्याचे नाव आहे, त्याचीही शाळा एकदा ‘पालकांच्या विनंतीवरून’च सुटली होती. जोतीराव फुले यांचे वडील गोविंदराव यांच्या पदरी असलेल्या कारकुनाने त्यांचे कान भरले, शूद्राच्या पोराने शिकून काय दिवे लावावयाचे आहेत असे त्यांच्या मनात भरवून दिले, आणि मुलगा शाळेतून मळ्यात गेला. तो परत आला तो कोणत्या फर्मानामुळे नव्हे. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी मुलाची बुद्धी पाहून बापाची समजूत घातली, म्हणून 1841 मध्ये तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत रुजू झाला. तेव्हा त्याचे वय चौदाच्या आसपास होते. मळ्यातील ती मधली वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही. शेतकऱ्याच्या दैन्याविषयी पुढे ज्या अधिकाराने ते लिहिते झाले, त्याचा काही अंश त्या मातीतलाच असावा. मात्र परतीची वाट कोणीतरी उघडी ठेवली होती, हे विसरून चालणार नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांची कथा याच्याच नात्यातली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना, अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यापायी त्यांना बोर्डिंगला मुकावे लागले. ज्याला एका बोर्डिंगाने बाहेर घातले, त्याने 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत आणि स्वतःच्या श्रमावर शिकत.

तेव्हा काढून टाकण्याऐवजी निराळ्या ठिकाणी शिकविण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. परंतु ती कशी नासते तेही पाहून ठेवावे. अमेरिकेत 1994 साली शाळेत बंदूक आणणाऱ्यास वर्षभर काढून टाकण्याचा कायदा झाला; पुढच्याच वर्षी टेक्सास राज्याने प्रत्येक शाळा-जिल्ह्यास बेशिस्त मुलांसाठी पर्यायी वर्ग चालविणे बंधनकारक केले. हेतू चांगला होता. पण एकदा अशी जागा निर्माण झाली म्हणताच किरकोळ उद्धटपणापायीही मुले तिकडे रवाना होऊ लागली, आणि ज्याला आपण कोंडवाडा म्हणतो त्याचीच कळा त्या वर्गांना आली.

राहुरीत तजवीज करावयाची तर साधने समोर पडली आहेत. विद्यापीठाच्या रोपवाटिका आणि गोठे आहेत, दुरुस्तीची दुकाने आहेत, जन्मभर फळ्यापुढे उभे राहिलेले आणि आता सकाळी कट्ट्यावर बसणारे निवृत्त शिक्षक आहेत. सकाळी दोन तास गणित-भाषा, मग हाताचे काम, आणि ज्याला मारले त्याच्यासमोर, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या साक्षीने, एकदा बसून झाल्या प्रकाराची बोलणी: तीन-चार महिन्यांच्या मुदतीस एवढे पुरे. आजमितीस अशा मुलासाठी उरतो तो सतरा नंबरचा फॉर्म. तो भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते खरे, पण ती परीक्षेची सोय झाली, शाळेची नव्हे.

माझा आग्रह आहे तो एका कारकुनी अटीचा: मुलगा दुसरीकडे शिकेल, नाव मात्र मूळ शाळेच्याच पटावर राहील. आपल्याकडे पटावरून संचमान्यता ठरते, पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो; तेव्हा नाव राखण्यात शाळेचे नुकसान नाही, झाला तर लाभच. तिला दरमहा त्याची हजेरी मागवावी लागेल, पालकसभेस त्याच्या बापाला बोलावणे धाडावे लागेल, आणि पुढे दहावीचे आवेदनपत्रही आपल्याच नावे भरावे लागेल. ही शेवटची बाब गळ्याखाली उतरणे कठीण. कारण जून उजाडला की वेशीवर शंभर टक्के निकालाचा फलक लावावयाचा असतो, आणि नववीतच दाखले का वाटले जातात याचा उलगडा त्या फलकाखाली उभे राहिल्यावर बऱ्याच अंशी होतो.