चूक खंड्याची नव्हती

शेतात वस्ती करून राहणाऱ्याच्या दारात कुत्रे असतेच. तुमच्याही दारात असेल. आज त्याच्याविषयी, खरे म्हणजे माझ्याच हातून झालेल्या चुकीविषयी चार शब्द लिहितो. सांगायला लाज वाटते. पण दुसऱ्या घरचे लेकरू वाचले तर लाज भरून निघाली म्हणेन.

आमची वस्ती माण तालुक्यात, गावापासून दोन किलोमीटरवर. 2016 सालच्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतून मी एक पिलू आणले. जेमतेम महिन्याचे होते. पाच भावंडे एकाच परातीत तोंड घालत आणि हे सर्वांत मागे राही. त्याचे नाव ठेवले खंड्या.

आमच्याकडे जुनी समजूत अशी, की तोंडातला घास काढून घेतला तरी कुत्र्याने गुरगुरता कामा नये; तरच ते मालकाचे. म्हणून खंड्या भाकरी खाऊ लागला की मी मधेच ताटली उचलून घ्यायचो. पुतण्यांना तर तो खेळच झाला. पंधरा दिवसांत पिलू भाकरी गपागप गिळू लागले. मग कोणाचे पाऊल वाजले की अंग ताठ करून ताटलीवर मान धरू लागले. पुढे गुरगुरले. मी पायातली वहाण काढून दोन हाणल्या. पुन्हा गुरगुरले, पुन्हा हाणल्या. महिनाभरात गुरगुरणे बंद झाले. "कसा सरळ केला!" असे मी चारचौघांत मिरवलेसुद्धा.

दिवाळी तोंडावर आली होती. तीन वर्षांची नात अंगणात खेळत होती. ताटलीबाहेर पडलेला भाकरीचा तुकडा उचलायला ती वाकली. खंड्याने आवाज केला नाही, दात दाखवले नाहीत; सरळ मनगट धरले.

माझ्या आईने हळद आणि चुन्याची डबी काढली. पण सूनबाईने पोरीला नळाखाली नेले आणि साबण लावून, वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे जखम धुतली. तसेच आरोग्य केंद्र गाठले. जखमेतून रक्त आले होते, म्हणून लसीबरोबर जखमेत टोचायचे औषधही द्यावे लागले. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शने आता घ्यावी लागत नाहीत. पण ज्या तारखा देतील त्यातली एकही चुकवायची नसते. पिसाळ एकदा अंगात उठली की माणूस बहुधा वाचत नाही. खंड्याला लस टोचलेली नव्हती, तोही माझाच आळस. त्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवले. मात्र त्याचे काय होते याची वाट न पाहता पोरीचे उपचार त्याच दिवशी सुरू केले.

घरात ठरले, कुत्रे घाटात सोडून यायचे. म्हणजे दुसऱ्याच्या पोराच्या वाटेवर! मला ते पटेना. जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी एकच प्रश्न केला, "आबा, याची भाकरी कोण काढून घेत होतं?" मी खाली मान घातली. ते म्हणाले, "गुरगुरणं म्हणजे त्याचं 'लांब व्हा' सांगणं. तुम्ही बोलणं मारून बंद केलंत. भीती तशीच राहिली. मग दातच उरले."

रशियात पाव्हलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. खाण्याआधी रोज ठरावीक आवाज ऐकवला, की पुढे नुसत्या त्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, असे त्यांना आढळले. खंड्याच्या डोक्यात माझे पाऊल म्हणजे 'भाकरी गेली' अशी गाठ बसली होती. 'पाऊल म्हणजे काही चांगले मिळणार' अशी नवी गाठ बांधायची होती.

पोरांना घरात ठेवून, साखळी पोचणार नाही इतक्या लांबून मी सुरुवात केली. तो खात असताना उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा आणि मागे फिरायचे. अंग सैल ठेवून तो खाऊ लागला की दुसऱ्या दिवशी अर्धे पाऊल पुढे. ताठ झाला की पुन्हा मागे. तीन महिन्यांनी मला पाहून त्याने ताटलीतून मान वर काढली आणि शेपूट हलवली. खरे सांगतो, डोळ्यांत पाणी आले.

तुमच्याकडे लहान पिलू असेल तर हे सोपे आहे. दोन महिन्यांचे होईपर्यंत त्याला आईजवळून हलवू नका. जंताचे औषध द्या आणि तीन महिन्यांचे झाले की पिसाळीची लस टोचा. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने दर वर्षी. वाढत्या पिलाला दिवसातून तीन-चार वेळा, पोटभर घाला. जागा ठरलेली ठेवा, कोंबड्यांपासून आणि पोरांपासून बाजूला. दोन कुत्री असतील तर दोन ताटल्या, लांब लांब. खाताना ताटली उचलू नका; उलट येता-जाता तिच्यात चांगला घास टाका. तोंडातून काही काढायचे झाले तर ओढू नका, त्याहून चांगले देऊन बदलून घ्या. गुरगुरले तर मारू नका. मागे सरा आणि ते का गुरगुरले ते शोधा. शांत कुत्रे अचानक असे करू लागले तर दात किंवा पोट दुखत असेल, डॉक्टरांना दाखवा. आणि चावलेल्या मोठ्या कुत्र्यावर पोरांदेखत प्रयोग नको.

नात आता मोठी झाली. मनगटावर दोन पांढरे वण आहेत. खंड्या निवळला, तरी तो खात असता त्याच्याजवळ जायचे नाही, हा नियम आमच्या घरी आजही आहे. मागे तिने विचारले, "आबा, तेव्हा त्याला लई भूक लागली होती का?" मी म्हणालो, "भूक नव्हती बाई, भ्या होतं. आन् ते मीच घातलं होतं."

आज संध्याकाळी तुमच्या कुत्र्याला भाकरी टाकाल, तेव्हा दोन पावले मागे उभे राहून पाहा. तुमची चाहूल लागताच ते घाईने गिळत असेल, अंग ताठ करत असेल, तर उद्यापासूनच सुरुवात करा.