ऐकण्याचं लायसन्स

नातेवाइकांत एखादा "कॉम्प्युटरमधला" असला की काही कामं आपोआप त्याच्या गळ्यात पडतात. कुणाचा प्रिंटर रुसतो, कुणाचं व्हॉट्सअॅप गायब होतं, कुणाला नव्या टीव्हीवर जुन्या मालिका बघायच्या असतात... आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे. पगार नाही, पण चहा-पोहे मिळतात. :) हल्ली या खात्यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. आपण बोललेलं ऐकणारा आणि उलट बोलणारा स्पीकर. आतापर्यंत पाच घरांत असे पाच स्पीकर जोडून दिले. चार विसरूनही गेलो. पाचव्याबद्दल मात्र लिहीन लिहीन म्हणत होतो.

हा पाचवा माझ्या आत्याचा. आत्या वाईला जुन्या घरात एकटी राहते. वय ७९. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने मधली नजर गेली आहे. कडेचं दिसतं, त्यामुळे घरात व्यवस्थित वावरते, स्वयंपाकही करते. पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही आणि मोबाईलच्या काचेवरचं काहीच वाचता येत नाही. अशा माणसाला नुसत्या बोलण्यावर चालणारी वस्तू म्हणजे वरदानच, असं आतेबहिणीला वाटलं. ताई टोरांटोला असते. तिने स्पीकर मागवला आणि मला फोन केला, "तेवढं जोडून दे रे."

खोक्यावर लिहिलेलं असतं की काही मिनिटांत जोडून होतो. होतोही. पण ही जोडणी म्हणजे नक्की काय, हे कुणी समजावून सांगत नाही, आणि आत्याला समजल्याशिवाय कुठलीच वस्तू घरात चालत नाही. म्हणून तिला सांगितलं तसंच इथे सांगतो. आमच्या इतर मंडळींनाही उपयोग होईल.

या डब्याला ना पडदा ना बटणांची पाटी. मग वायफायचा पासवर्ड त्याला सांगायचा कसा? तर आपला मोबाईल इथे लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचं काम करतो. डबा प्लगला लावला की त्याचा दिवा सांगतो, मी तयार आहे. मोबाईलवर कंपनीचं अॅप उघडायचं, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवायचं. मोबाईल ब्लूटूथवरून डब्याला शोधतो, घरातल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड त्याच्या कानात सांगतो आणि बाजूला होतो. पुढे डबा आणि राउटर आपलं आपण बघून घेतात.

आत्याने लगेच विचारलं, "म्हणजे तू तुझा फोन घेऊन पुण्याला गेलास की हा बंद?"

नाही. मध्यस्थ गेला म्हणून संसार थोडाच मोडतो! पण हा प्रश्न पाचही घरांत आला होता, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खरी कटकट वाड्याच्या भिंतींची. राउटर पुढच्या खोलीत, स्पीकर स्वयंपाकघरात आणि मध्ये दोन हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. हल्लीचे बरेचसे राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाली वेगवान, पण भिंती ओलांडताना दमते. दोन पॉइंट चारवाली सावकाश, पण लांब पोचते. आवाजाच्या कामाला वेग फार लागतच नाही, म्हणून डबा २.४ वर जोडला. राउटर लोखंडी कपाटामागे दडून बसला होता, तो काढून उंच फळीवर ठेवला. तेवढ्याने निम्मं काम झालं. आणि राउटरला एक छोटा यूपीएस लावला, कारण वीज जाऊन आली की डबा आधी जागा होतो, राउटर मागाहून, आणि तेवढ्या वेळात डबा "इंटरनेट नाही" म्हणून गळा काढतो. घाबरायचं नाही. थोड्या वेळाने आपोआप जुळतं.

आता ब्लूटूथ. हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजावरून आलं. हॅराल्ड ब्लूटूथ. त्याने विखुरलेल्या लोकांना एका राज्यात आणलं म्हणून निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या तंत्राला त्याचं नाव द्यावं, असं १९९७ मध्ये इंटेलच्या जिम कार्डाक यांनी सुचवलं. तात्पुरतं म्हणून दिलेलं नाव कायमचं चिकटलं. आपल्याकडे बाळाला लाडाने ठेवलेलं नाव पुढे शाळेच्या दाखल्यावरही जातं, तसंच काहीसं.

वायफायने डबा जगाशी जोडला जातो. ब्लूटूथने जोडला जातो तो फक्त खोलीतल्या फोनशी, साधारण दहा मीटरच्या आत. मग वायफाय असताना ब्लूटूथ कशाला? आमच्याकडे त्याला एक कारण होतं. आतोबांनी गीतेचे काही अध्याय म्हणून कॅसेटवर रेकॉर्ड केले होते. ताईने ते मागे कधीतरी फोनमध्ये उतरवून घेतले. आतोबा जाऊन अकरा वर्षं झाली. लता मंगेशकर मागितल्या तर डबा क्षणात हजर करतो, पण आतोबांचा आवाज इंटरनेटवर कुठून असणार? तो एका जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनमध्ये आहे. तो फोन ब्लूटूथने डब्याशी जोडला. यात दोन्हीकडून होकार लागतो. डब्याने "मी इथे आहे" म्हणायचं, फोनने यादीतून त्याचं नाव निवडायचं. एकदा ओळख पटली की दोघंही ती लक्षात ठेवतात. मी प्लेअर उघडून फोन चार्जरला लावून ठेवला. आता चालू कर, थांब, पुढचं लाव, एवढं आत्या तोंडी सांगते.

तेही हिंदीत बरं का! गूगलचा असिस्टंट फोनवर २०१८ पासून मराठी समजतो, अमेझॉनच्या अलेक्साला २०१९ मध्ये हिंदी यायला लागलं. पण आत्याचा डबा आमच्याशी हिंदी आणि इंग्रजीतच बोलतो. आत्याची हिंदी अस्सल वाईची. "वो सात-पाच की बातम्या लगाव." डबा आधी गोंधळला, मग आत्यानेच आपली हिंदी थोडी सुधारली. डब्याची मराठी मात्र आहे तिथेच आहे!

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग आत्याने विचारलं, "मी हाक मारली की हा उठतो. म्हणजे हाक मारायच्या आधीही हा ऐकतच असणार ना?"

मोठमोठी माणसं हा प्रश्न विचारत नाहीत. मी जे खरं ते सांगितलं. हाकेचा शब्द ओळखण्यापुरतं डबा सतत ऐकतो, आणि ते काम त्याच्या आतच होतं. हाक ऐकू आली की त्यानंतरचं आपलं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या लांबच्या कॉम्प्युटरकडे जातं, तिथे त्याचा अर्थ लागतो आणि उत्तर परत येतं. म्हणूनच वायफाय गेलं की डबा बहिरा होतो. कधीकधी भलताच शब्द हाकेसारखा वाटून तो उगाच जागा होतो, मग तेही बोलणं जातं. २०१९ मध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली होती की अलेक्साची काही रेकॉर्डिंग सुधारणेसाठी माणसं बसून ऐकतात. कंपनीचं म्हणणं, अगदी थोडेच नमुने ऐकतो. जुनी रेकॉर्डिंग अॅपमध्ये जाऊन पुसता येतात, आणि डब्यावर माइक बंद करायचं बटण असतं. आत्याला बटण दिसणार नाही, म्हणून त्यावर खड्याची टिकली चिकटवली. बोटाला लागते.

"कंपनीवाल्यांना माझ्या आमटीच्या फोडणीत काय मिळणार," म्हणून आत्याने तो विषय मिटवला. तिची अडचण निराळीच होती, आणि ती ताईचा फोन आल्यावर बाहेर आली.

या डब्यांत एक सोय असते. परवानगी दिलेला माणूस लांबून थेट घरात "येऊ" शकतो. इकडच्याने फोन उचलायची गरज नाही. एक छोटा आवाज होतो, दिवा लागतो, आणि स्वयंपाकघरातलं सगळं टोरांटोला ऐकू जाऊ लागतं. ताईला ती सोय दिवसरात्र चालू हवी होती. आणि तिचं कारण खोटं नव्हतं. मागच्या वर्षी आत्या पहाटे न्हाणीघराच्या दारात पडली. कामाच्या मावशी येईपर्यंत दोन तास तशीच पडून होती. नशिबाने हाड मोडलं नाही. तेव्हापासून ताईला धड झोप नाही. उन्हाळ्यात टोरांटो आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे तिच्या ऑफिसची दुपार ही आत्याची रात्र.

आत्या शांतपणे म्हणाली, "म्हणजे मी ये न म्हणता ती घरात?"

"अगं आई, मी काय परकी आहे का?"

"परकी नाहीस. पण तू इथे असतीस तरी कडी वाजवून आत आली असतीस."

मग ती माझ्याकडे वळली. "यांचा मर्फीचा रेडिओ होता ना, त्याला लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन दर वर्षी पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. आपण नुसतं ऐकायचं तरी सरकारची परवानगी! आता हा माझं ऐकणार, तर याचं लायसन्स कोण देणार?"

ते रेडिओचं लायसन्स १९८०च्या दशकात बंद झालं. माझ्या पिढीला ते ऐकूनच माहीत. पण आत्याचा मुद्दा मला एकदम पटला. अॅपमध्ये त्या परवानगीचं बटण होतं, पण ते ताईच्या फोनवर. खातं ताईचं, पासवर्ड तिचा, बसवणारा मी. जिच्या घरात डबा राहणार तिला अख्ख्या जोडणीत कुठे "हो" म्हणायची जागाच नव्हती. दोन यंत्रांना जोडायला दोघांचा होकार लागतो, आणि माणसाला मात्र कुणी विचारतच नाही.

ताई चिडली. पुन्हा पडलीस तर काय, म्हणाली, आणि रडली. आत्याही गप्प झाली. दोघी बरोबर होत्या, म्हणून मला काही बोलता येईना.

शेवटी आत्यानेच लायसन्स दिलं, अटी घालून. डबा देवघरात आणि झोपायच्या खोलीत ठेवायचा नाही. ताईने आधी साधा कॉल करायचा, आत्या तो तोंडाने हुकूम देऊन घेईल. दहा मिनिटांच्या अंतराने दोन कॉल घेतले नाहीत तरच थेट यायचं, आणि आलीस तर मागाहून सांगायचं. रात्री नऊ ते सकाळी सहा "व्यत्यय नको" लावून ठेवायचं, म्हणजे कुणीच आत येणार नाही.

पण पडली होती ती तर पहाटेच! त्यावर उत्तर असं निघालं की रात्री ताईने ऐकायचं नाही, आत्याने बोलवायचं. जमिनीवर पडल्या पडल्या तिने हाक मारली तर डब्याला ऐकू जाईल का, हे बघायला मी न्हाणीघरात फरशीवर आडवा झालो आणि ओरडलो. आत्या खो खो हसत होती. दार उघडं असताना ऐकू गेलं, बंद असताना नाही. म्हणून एक छोटा दुसरा डबा न्हाणीघराच्या बाहेर बोळात बसवला, त्यालाही वायफाय दिलं आणि परत आडवा झालो. या वेळी माझा फोन वाजला. शेजारच्या काकूंकडे एक किल्ली दिली, कारण असल्या डब्यावरून ११२ ला फोन लागेल असं धरून चालता येत नाही, आणि वीज गेली की डबा म्हणजे नुसता ठोकळा.

श्रावणात एकदा ताईचे दोन्ही कॉल कुणी घेतले नाहीत. ठरल्याप्रमाणे ती आत आली. कानावर आला तो अंगणातला आत्याचा आवाज, भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस चाललेली. ताईने लगेच बंद केलं आणि संध्याकाळी आईला सांगितलं, "आज मी आले होते गं, एवढं एवढं ऐकलं आणि गेले."

"सांगितलंस ते बरं केलंस," आत्या म्हणाली. मग मेथी किती महाग झाली आहे ते पहिल्यापासून सगळं सांगितलं.

असो. दिवाळीत बरेच जण आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना हे डबे देणार. वायफायचा पासवर्ड विचाराल, ब्लूटूथ जोडाल, सगळं नीट होईल. फक्त त्या आधी अॅपमधल्या परवानग्या त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि लायसन्स त्यांच्याकडून घ्या. अटी घातल्या तर रागावू नका. फरशीवर आडवं व्हावं लागलं तर मला बोलवा, आता अनुभव आहे. :)