भोंगा वाजला, पगार कापला

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये आमच्या शेजारच्या गाळ्यावर मामा रात्रपाळीला वॉचमन असतात. काडेपेटीएवढ्या एका यंत्रावरून त्यांचा पगार कापला गेला, त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मालकांनी वायरलेस सेन्सर बसवले होते. शटरवर कंपन टिपणारा, आत भिंतीवर हालचाल टिपणारा. जानेवारीत रात्री-अपरात्री भोंगा वाजू लागला. मामा बॅटरी घेऊन गाळ्याभोवती फेरी मारत, कुणी सापडत नसे. मालकांच्या मोबाइलवर नुसतं ‘अलार्म’ एवढंच येई. मामा शटर उचलून आत झोपायला जातात, असं त्यांनी ठरवून टाकलं. विचारलं नाही, तपासलं नाही, थेट कपात!

शेवटी दुरुस्तीवाल्या मुलाने झाकण उघडून समजावलं. कंपनाच्या चिपमध्ये सिलिकॉनचं अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. शटर हादरलं की ते सरकतं, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि विद्युतधारिताही बदलते. हादरा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एरवी झोपलेलं सर्किट जागं होऊन रेडिओलहरींवर निरोप धाडतं. असं झोपून राहत असल्यामुळेच ते छोट्या बॅटरीवर दीर्घकाळ चालतं. हादरा चोराचा की ट्रेलरचा, हे मात्र त्याला कळत नाही.

भिंतीवरच्याचं काम निराळं. माणसाच्या अंगातून अवरक्त किरण निघतात, त्यांचा जोर 9 ते 10 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक. पुढचं रेघारेघांचं पांढरं भिंग समोरच्या जागेचे पट्टे पाडतं. माणूस त्यांतून आडवा गेला की आतल्या स्फटिकाच्या दोन भागांवर आळीपाळीने ऊब पडते आणि विजेचा बारीक स्पंद उठतो. मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापली तर तो मंदावतो. पण हा जानेवारी होता.

मग नोंदी निघाल्या. दर वेळी शटरचाच सेन्सर बोलला होता, आतला एकदाही नाही. मामा आत गेले असते तर तो गप्प बसला असता? ‘बिघडला असेल,’ मालक म्हणाले. मुलगा त्याच्यासमोरून चालत गेला, लगेच भोंगा वाजला. समोरच्या गाळ्याच्या रजिस्टरात ट्रेलर आल्याच्या, क्रेनने कॉईल उतरवल्याच्या वेळा होत्या. त्या अलार्मशी तंतोतंत जुळल्या. कॉईल म्हणजे टनावारी लोखंड, टेकलं की जमीन हादरणारच. हे मार्केटमधल्या कुठल्याही माथाडीने सांगितलं असतं; मामांनीही सांगितलं असतं, त्यांना बोलू दिलं असतं तर.

शटरच्या सेन्सरची संवेदनशीलता कमी केली, भोंगा थांबला. कापलेले पैसे काही परत आले नाहीत. ज्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत त्यांनी कुणावर ठपका ठेवण्याआधी कुठला सेन्सर किती वाजता बोलला ते पाहावं, आणि ती नोंद वॉचमनलाही दाखवावी.

माझं मत ती यंत्रंच उखडून टाकावीत असं होतं. मामांना ते पटलं नाही. मागचं दार पुढून दिसत नाही, तिथला पत्राही हलका आहे. तिथे आणखी एक बसवून द्या, असं त्यांनी स्वतःच मालकांना सांगितलं.