लेफ्टनंट वेलिणकर : परभूमीवरील एक मराठी नाव

खानदेशातील जैन व्यापारी घराण्यांना स्थलांतर नवे नाही. मारवाड आणि गुजरातेतून निघालेले पूर्वज जळगाव-धुळ्याच्या परिसरात आले, पेढ्या व दुकाने मांडून स्थिरावले आणि याच मातीचे झाले. आज त्याच घरांतील मुले शिक्षणासाठी सातासमुद्रापार जातात आणि पुष्कळदा तेथेच राहतात. म्हणूनच परक्या देशाची चाकरी निष्ठेने करताना तेथेच देह ठेवलेल्या एका मराठी तरुणाची आठवण या वाचकांना परकी वाटू नये.

श्रीकृष्ण वेलिणकर यांचा जन्म 1894 साली मुंबईत झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले व केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात शिकले. त्याच सुमारास पहिले महायुद्ध पेटले. हिंदी सैन्यातील लाखो जवान त्या युद्धात लढले आणि सुमारे 74 हजार कामी आले. तथापि सुभेदार-मेजर या पदाच्या वर हिंदी लढवय्याला जाता येत नसे. बादशाही सनद, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा हुद्दा, हिंदी माणसास मिळण्याची वाट 1917 साली कोठे मोकळी होऊ लागली. त्या वाटेने ब्रिटिश हवाई दलात वैमानिक म्हणून जी मोजकी हिंदी मुले शिरली, त्यांत हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरॉल सेन यांच्यासोबत वेलिणकर होते.

ते धाडस किती मोठे होते, हे त्या काळची विमाने डोळ्यांपुढे आणल्यावर कळते. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि वैमानिकाची उघडी बैठक. ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्रीही दिली जात नसे. वेलिणकर 23 क्रमांकाच्या तुकडीत ‘सॉपविथ डॉल्फिन’ जातीचे एकआसनी लढाऊ विमान चालवीत. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे विमान जमिनीवर उलटे झाल्यास प्रथम त्याचाच जीव धोक्यात येई.

27 जून 1918 रोजी ते फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीसाठी गेले आणि परतले नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले होते. 30 जून रोजी शत्रूच्या कैदेतच त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे 23 वर्षे. पुढे तीन आठवड्यांनी, 22 जुलै रोजी, इंद्रलाल रॉय हेही हवाई लढाईत पडले. ते तर जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. नोव्हेंबरात युद्ध थांबले.

मृत्यूनंतर वेलिणकरांच्या वाट्याला आणखी एक वनवास आला. जर्मनांनी त्यांचे दफन केले, पण कागदावर आडनाव ‘वुमकर’ असे उतरले. मराठी आडनाव जर्मन कानाला काय कळणार? लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असे नाही. मात्र पेढीवरील खतावणीत एक अक्षर चुकले तर रक्कम भलत्याच खात्यावर जमा होते, तसे एका मातेच्या पुत्राचे मरण त्या चुकीच्या नावाखाली जमा होऊन पडले. युद्धानंतर चौकशी होऊन ‘वुमकर’ म्हणजेच वेलिणकर हे निश्चित झाले, तेव्हा कोठे त्या थडग्याला खरा धनी मिळाला.

आज फ्रान्समधील सोम विभागातील हांगार येथील युद्धस्मशानात त्यांची समाधी आहे. 1917 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश युद्धसमाधी आयोगाने एक उदात्त दंडक घालून दिला होता. हुद्दा, वंश वा धर्म कोणताही असो, मृतांना मान सारखाच. शिळेवर कोरण्याचा मजकूर कुटुंबाने सुचवावा, मात्र तो 66 अक्षरांत बसावा, अशी मर्यादा होती. वेलिणकरांच्या आईच्या इच्छेनुसार त्यांच्या शिळेवर, साम्राज्याच्या शूरतम पुत्रांपैकी एकाच्या सन्मान्य स्मृतीस, अशा आशयाचे शब्द कोरले गेले. ते साम्राज्य पुढे लयास गेले. आईने मागून घेतलेले ते शब्द मात्र मुलाच्या खऱ्या नावासह उरले.

नोंदीचे मोल खानदेशाला कोणी शिकवावे असे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली. 1926 साली धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. वंशावळीच्या वह्या जपणारे भाट तर आपल्या समाजाच्या परंपरेतच होते. आता ते फारसे येत नाहीत आणि घरातील नवी पिढी दूरदेशी विखुरली आहे. अशा वेळी प्रत्येक घराने एक वही धरावी. कोण कोठे गेला, काय काम केले, कोठे विसावला, हे पूर्ण नावानिशी व तिथी-तारखेनिशी त्यात लिहावे. परमुलखात कर्तव्य करताना गेलेल्यास त्याचे खरे नाव परत मिळवून देणे हे मागे राहिलेल्यांचे ऋण आहे. आणि ऋण फेडल्यावाचून खाते बंद न करणे ही व्यापारी घरांची जुनीच रीत आहे.