उभे झाड, उभे लाकूड

वरिष्ठ न्यायालयाच्या निवाड्यातील सिद्धांत उद्धृत करणे सोपे असते. परंतु तो ज्या वस्तुस्थितीच्या मातीत रुजला ती माती हाती घेऊन पाहिल्यावाचून तो आपल्या अशिलाच्या दाव्यास लागू आहे असे छातीठोकपणे सांगणे धाडसाचे, ही जाणीव मला गोंदियाच्या न्यायालयात वकिली करताना एका निवाड्याने दिली, आणि तो निवाडा आमच्याच मुलुखाचा आहे.

गोंदिया १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला; तोवर तो भंडाऱ्याचाच भाग होता. त्या अखंड भंडाऱ्यातील वनाधिकाऱ्यांशी झगडत शांताबाई नावाच्या एक बाई थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्यांचे पती पंढरपूर या जमीनदारीचे जमीनदार. त्यांनी १९४८ साली पत्नीस सव्वीस हजार रुपयांच्या मोबदल्यात, १९६० च्या डिसेंबरपर्यंत, जंगलातील साग, बांबू व जळाऊ लाकूड तोडून नेण्याचा हक्क एका दस्ताने दिला. मात्र दस्ताची नोंदणी केली नाही. पुढे, भंडारा तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क निरस्त होऊन ३१ मार्च १९५१ पासून जंगले सरकारजमा झाली. १९५५ साली भंडाऱ्याच्या उपायुक्तांनी बाईंस तोडीची परवानगी दिली; वनाधिकाऱ्यांनी ती तोड थांबवून तोडलेला माल जप्त केला.

बाईंच्या बाजूला एक भक्कम नजीर होती. तेंदूपत्त्याच्या ठेक्यांविषयी छोटाभाई जेठाभाई यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदारांना पूर्वीच संरक्षण दिले होते. नजीर तीच, कायदा तोच, प्रांतही तोच. तरीही २४ मार्च १९५८ रोजी बाई हरल्या. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषविलेले विव्हियन बोस यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले, आणि ते मी तरुण सहकाऱ्यांना आजही मोठ्याने वाचायला लावतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या तिसऱ्या कलमाप्रमाणे उभे इमारती लाकूड स्थावरात मोडत नाही. मग उभे झाड कोणते आणि उभे लाकूड कोणते? बोस यांचे उत्तर असे की, जे तोडण्यास योग्य झाले आहे, आणि इतक्या लवकर तोडले जावयाचे आहे की व्यवहारात त्याला लाकूडच म्हणावे, ते लाकूड; जे जमिनीतून रस शोषीत वाढतच राहणार आहे ते झाड. दस्ताची मुदत बारा वर्षांहून अधिक होती, आणि आज दीड फुटाच्या मर्यादेखाली असलेला साग त्या मर्यादेस पोहोचताच तोडण्याची मुभा होती. म्हणजे विकले गेले ते लाकूड नव्हे, तर वाढत्या वनातून लाभ घेण्याचा हक्क. तो स्थावर ठरला, आणि नोंदणीवाचून तो बाईंस मिळालाच नाही. कायद्याच्या चार शब्दांचा अर्थ कोशात न शोधता दस्ताच्या मुदतीत शोधणारी ही पद्धत मला अर्थनिर्णयाचा उत्तम वस्तुपाठ वाटते. तथापि खऱ्या पैशाने घेतलेला हक्क केवळ नोंदणीच्या औपचारिकतेअभावी बुडाला याचे दुःख मला होते, आणि ते होणे गैर आहे असे मला वाटत नाही.

पुढच्याच वर्षी महादेव यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तेंदूपत्त्याचे करार पुन्हा तपासले. जंगलात शिरण्याचा, झाडांची छाटणी करण्याचा, कोठ्या बांधण्याचा अधिकार त्यांत होता. हा पानांचा निव्वळ सौदा नव्हे, असे म्हणून न्यायालयाने छोटाभाईंचा निवाडा अनुसरण्याचे नाकारले. पूर्वनिर्णयास न्यायालये कशी वागवितात हे येथे उघड दिसते: प्रथम त्याला वस्तुस्थितीच्या फरकाने बाजूला ठेवतात, मग पुरेसे कारण दिसल्यावर सोडून देतात.

शांताबाईंच्या दस्तातील बांबूचे पुढे आणखी एक प्रकरण झाले. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या व्याख्येनुसार तो नव्वद वर्षे वृक्ष राहिला. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून वगळला गेला. दरम्यान २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला तेंदूपत्त्यासमवेत गौण वनोपजांत घेतले होते. म्हणून अशील जंगलमालाचा करारनामा घेऊन आला की मी त्याला आधी तीन गोष्टी विचारतो: कोणत्या सालचा, किती मुदतीचा, आणि नोंदणी झाली काय?