टिळकांची पदे, टिळकांचा राजीनामा

मराठी ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना रेव्हरंड नारायण वामन टिळकांवाचून सहसा पुरी होत नाही. ‘उपासना संगीत’ उघडले की त्यांचे नाव पुन्हा पुन्हा भेटते. नगरचे जुने देऊळ असो की पुण्याच्या उपनगरातली भाड्याच्या जागेतली लहानशी मंडळी, पेटीवर सूर धरला की टिळकांचे पद ओठांवर येतेच. व्यासपीठावरून क्वचितच सांगितली जाते ती गोष्ट वेगळी आहे. १९१७ साली याच माणसाने अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या शेजारी न घेतलेल्यांनाही बसवले. आम्ही त्यांची पदे ठेवून घेतली आणि राजीनामा दप्तरी लावून टाकला. मला वाटते, ही दोन्ही एकाच मायेची लेकरे होती, आणि एकाला कडेवर घेऊन दुसऱ्याला दाराबाहेर ठेवण्याने मंडळीचे फार नुकसान झाले आहे.

टिळकांचे मिशनशी भांडण पैशाचे नव्हते, आणि एका अर्थी पैशाचेच होते. मिशनच्या पगारावर जगणारा ख्रिस्ती माणूस मिंधा होतो, त्याची प्रार्थना परक्या वळणाची होते, आणि आपल्याच मुलखात तो पाहुण्यासारखा वावरू लागतो, हे त्यांना सलत होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. पण टिळकांच्या राजीनाम्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. १८९५ साली बाप्तिस्मा घेताना त्यांनी घरदार, जात, नातीगोती सगळे पणाला लावले होते. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या पाठोपाठ लगेच आल्या नाहीत, मधली वर्षे दोघांनाही जड गेली. ज्याने एवढी किंमत मोजून उंबरठा ओलांडला, त्याला आतल्या भिंतीची ओल दाखवण्याचा अधिकार मागावा लागत नाही. आणि नोकरी सोडल्यावरही त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, मंडळीसाठी लिहिणे सोडले नाही. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. रागावून निघून गेलेला माणूस मागे असा वारसा ठेवत नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून तिखट आहे. पुण्यात भेटलेल्या वाँटेजच्या अँग्लिकन मठातल्या भगिनींमुळे त्या इंग्लंडला गेल्या, १८८३ मध्ये तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर लगोलग वाद सुरू झाले. त्या भगिनींपैकी ज्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या आईसारखे मानत, त्यांच्याशीच पत्रांतून झालेली झटापट आज वाचली तरी थक्क व्हायला होते. शास्त्र मोठे की चर्चचा अधिकार? विश्वासांगीकारातले प्रत्येक वाक्य डोळे मिटून मान्य का करायचे? रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी मत दिले, तेव्हा ते ऐकून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. नुकतेच एका पुरोहितशाहीचे जू मानेवरून उतरवले आहे, दुसरे चढवून घेणार नाही, असा त्यांचा रोखठोक पवित्रा होता. या बाईंना बंडखोर म्हणून बाजूला सारणे सोपे होते आणि अनेकांनी ते केलेही. पण बाई पुढे काय करीत राहिल्या? केडगावला दुष्काळातल्या मुलींसाठी ‘मुक्ती सदन’ उभारले, उतारवयात हिब्रू आणि ग्रीकशी झगडून सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल आणले, तेही मुक्तीतल्या मुलींच्या हातांनी जुळवून, छापून. चर्चच्या अधिकाराबद्दल शंका घेणाऱ्या बाईने चर्चच्या ग्रंथावर उभे आयुष्य ओतले. टीका आणि निष्ठा यांच्यातली रेघ कुठे ओढायची ते आता कोणी मला दाखवावे.

या दोघांच्या तुलनेत आजची नाराजी मुकी आहे. नगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती घरांतली मुले हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कात काम करतात, वाकड-मारुंजीच्या सोसायट्यांत राहतात. आजोबा मिशनच्या बोर्डिंगात शिकले, नातू ढगातल्या सर्व्हरची राखण करतो. मंडळीच्या पॅस्टोरेट कमिटीतली गटबाजी, मिळकतींवरून चाललेले कोर्टकज्जे, निवडणुकीच्या आधी अचानक वाढणारी सभासदसंख्या हे सारे त्याला ठाऊक असते. तो भांडत नाही. तो हळूच यायचा बंद होतो. एखाद्या हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपला जातो किंवा घरी मोबाईलवर प्रवचन लावतो. त्याच्या कंपनीत राजीनामा दिला तर एचआर निदान एकदा बसवून विचारते, का चाललात. मंडळीत तेही नाही. नाव रजिस्टरात राहते आणि वर्गणी थकलेली दिसते, बस्स.

त्याचे म्हणणे हलके घेऊ नये. विश्वास ठेवायला इमारत आणि कमिटी कशाला हवी, हा प्रश्न जुना आहे आणि देवाच्या दरबारातही तो हजर होता. तरी मला ही सुटका पुरी वाटत नाही. हॉलमधल्या फेलोशिपलाही पाळक असतो, पैसा असतो, अधिकार असतो. फक्त हिशेब मागण्याची घटना नसते आणि चुकणाऱ्याला जाब विचारणारा बिशप नसतो. ती संस्थाच आहे, कागदपत्रांशिवायची. शिवाय जुनी मंडळी ज्यांना बदलता येत नाही अशांसाठी उभी असते: गावातली एकटी म्हातारी, पगार थकलेला मिशन शाळेचा शिक्षक, दफनभूमीत जागा मागणारे कुटुंब. ज्याच्याजवळ गाडी आणि चांगले इंटरनेट आहे त्याने सोडून जाणे म्हणजे तो बोजा त्यांच्याच खांद्यावर टाकणे आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. आपण अल्पसंख्य आहोत, दिवस बरे नाहीत, धर्मांतराच्या नावाने प्रार्थनासभांवर संशय घेतला जातो. अशा वेळी घरातले उणेदुणे चव्हाट्यावर का आणायचे? ही भीती खोटी नाही. पण ज्याला आरोप करायचा आहे त्याला आमच्या कबुलीची गरज कधीच नव्हती. आणि आपण स्वतःच एक विसंगती पोसतो आहोत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. त्या मिळाव्यात म्हणून आपण सर्वोच्च न्यायालयात सांगतो, की बाप्तिस्म्याने जात सुटत नाही. याच प्रश्नासाठी केंद्राने २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. न्यायालयात जे शपथेवर सांगायचे ते रविवारी व्यासपीठावरून का सांगायचे नाही? कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमधला भेद मान्य केला. त्या कबुलीने आभाळ कोसळले नाही.

इथे माझ्याच लाडक्या टीकाकारांवरही एक ठपका येतो, आणि तो पुसू नये. टिळक आणि रमाबाई दोघेही जन्माने चित्पावन. ख्रिस्ताला मराठी वळण द्यायचे म्हणजे कीर्तन, अभंग, संस्कृत शब्द द्यायचे, असे त्या पिढीला सहज वाटले. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून मंडळीत आलेली बहुसंख्य माणसे त्या वळणात कुठे होती? महाराष्ट्रातूनच पुढे आलेल्या अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूला हा प्रश्न धर्मज्ञानाच्या पटलावर मांडला, आणि भारतीय म्हणवणारे धर्मज्ञान ब्राह्मणी परंपरेशीच बोलत राहिले हे दाखवून दिले. पुढे दलित धर्मज्ञान उभे राहिले ते यातून. आतून झालेल्या टीकेवर आतूनच झालेली ही टीका टिळकांना लहान करीत नाही. त्यांनी मोडलेली चौकट पुरेशी मोडली नव्हती, एवढेच सांगते.

उरतो थकव्याचा आक्षेप: बोलून काही बदलत नाही. बदलते, पण फार सावकाश. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्याआधी चाळीसहून अधिक वर्षे बोलणी चालली होती. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांचा वारसाही त्यात सामावला, म्हणजे ज्या मिशनशी टिळक भांडले ते परदेशी पाटी उतरवून मोकळे झाले. मालकी इथल्या लोकांकडे आली. मिंधेपणा मात्र पाटीबरोबर उतरत नाही, त्याने फक्त मालक बदलला. म्हणून हिंजवडीच्या अभियंत्याकडे माझी मागणी लहान आणि कंटाळवाणी आहे. दुसऱ्यांचे हिशेब, करार, सुरक्षेतल्या फटी शोधण्यात तो तरबेज आहे. मंडळीच्या वार्षिक सभेला त्याने यावे, लेखापरीक्षकाचा अहवाल मागावा, मिशनच्या जमिनींचे सातबारे कुणाच्या नावावर आहेत ते विचारावे, कमिटीत किती बायका आहेत ते मोजावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारावे. लोक नाराज होतील, पाळकसाहेब कदाचित त्याचे नाव पुढच्या कार्यक्रमातून वगळतील. तरी सभा संपल्यावर त्याने सतरंज्या गोळा करायला थांबावे. कारण पुढच्या रविवारी टिळकांचे पद म्हणायला त्यालाच उभे राहायचे आहे.